बाथर्स्ट प्रश्नमंजुषा : पन्नास कार्डांच्या कामाच्या नोंदी

१२ जुलै २०२५

ऑस्ट्रेलियातल्या जुन्या टुरिंग कार शर्यतींवर मराठीतून ५० प्रश्नांची कार्डं करायची. ऑक्टोबरात बाथर्स्टची शर्यत लागते तेव्हा सिडनीत टीव्हीसमोर वीस-पंचवीस माणसं सहा तासांहून जास्त वेळ बसलेली असतात. मधेच सेफ्टी कार येते आणि गाड्या रांगेने हळूहळू फिरत राहतात. त्या वेळात काढायला काहीतरी हवं, एवढाच हेतू.

काळ ठरला : १९६० ते १९९२. सुरुवात १९६० पासून, कारण दोन्ही मोठ्या गोष्टी त्याच वर्षी सुरू झाल्या. ऑस्ट्रेलियन टुरिंग कार अजिंक्यपद ऑरेंज गावच्या नू ब्लास ट्रॅकवर झालं आणि नोव्हेंबरात फिलिप आयलंडला आर्मस्ट्राँग ५०० झाली (हीच पुढे बाथर्स्टची शर्यत झाली). १९९२ ला थांबायचं, कारण ते ‘ग्रुप ए’ या गाड्यांच्या नियमावलीचं शेवटचं वर्ष. पुढे फोर्ड-होल्डनचा व्ही-८ (आठ सिलिंडरांच्या इंजिनांचा) जमाना येतो, तो वेगळा विषय.

टुरिंग कार म्हणजे काय, हे कार्ड १ च्या मागे एका वाक्यात : शोरूममध्ये विकली जाणारी, छपराची, घरच्या माणसांना घेऊन फिरता येईल अशी गाडी शर्यतीसाठी तयार केलेली.

हातात आलेले कच्चे प्रश्न १३२. त्यातले ८० तरी गळणार.

१५ जुलै

तक्ता केला, सात रकाने : वर्ष, त्या वर्षीचं शर्यतीचं नाव, ट्रॅक, अंतिम निकाल, प्रश्न, उत्तर आणि ‘फाटे कुठे फुटतात’. शेवटचा रकाना रिकामा असेल तर प्रश्न अजून तपासलेला नाही असं धरायचं.

शर्यतीचं नाव पुरस्कर्त्याप्रमाणे बदलत गेलं. १९६५ पर्यंत आर्मस्ट्राँग ५००, १९६६-६७ गॅलहर ५००, १९६८ ते १९७२ हार्डी-फेरोडो ५००, १९७३ पासून तीच हार्डी-फेरोडो १०००, १९८१ पासून जेम्स हार्डी १०००, १९८८ पासून टूहीज १०००. म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, सिगारेट, ब्रेक लायनिंग आणि शेवटी बिअर. कार्डांवर सरसकट ‘बाथर्स्टची शर्यत’ लिहायचं, वर्ष कंसात. नाव विचारायचं असेल तर त्याचा वेगळा प्रश्न.

२० जुलै

‘पहिला विजेता कोण?’ हा प्रश्न तीन वेगळ्या शब्दांत आला होता आणि उत्तरंही तीन वेगळी होती. तिन्ही बरोबर आहेत, हीच अडचण.

मालिका म्हणून मोजलं तर १९६०, फिलिप आयलंड : जॉन रॉक्सबर्ग आणि फ्रँक कोड, गाडी व्हॉक्झॉल क्रेस्टा. बाथर्स्ट गावातली म्हटलं तर १९६३ : बॉब जेन आणि हॅरी फर्थ, फोर्ड कॉर्टिना जीटी. १००० किलोमीटरची म्हटलं तर १९७३ : अ‍ॅलन मॉफॅट आणि इयन गेगन, फोर्ड एक्सए फाल्कन जीटी. फिलिप आयलंडहून ती बाथर्स्टला आली त्याचं कारण रस्ता. १९६२ च्या शर्यतीत तिथलं डांबर इतकं उखडलं की पुन्हा शर्यत घेणं शक्य नव्हतं.

याच्याच पोटात दुसरा सापळा. बॉब जेनच्या नावावर सलग किती विजय? १९६१ मर्सिडीज २२०एसई, १९६२ फाल्कन, १९६३ आणि १९६४ कॉर्टिना जीटी : चार. पण बाथर्स्टमध्ये दोनच. ‘बाथर्स्ट किती वेळा जिंकली?’ असं विचारून चार हे उत्तर धरलं तर भांडण ठरलेलं. प्रश्न असा केला : ‘बॉब जेनने ही शर्यत सलग चार वर्षं जिंकली. त्यातल्या किती बाथर्स्टमध्ये?’ चार हा आकडा प्रश्नातच दिला की वाद संपतो.

सुरुवातीच्या वर्षांत गट पाडले जायचे ते गाडीच्या विक्रीच्या किमतीवरून आणि चुरस गटागटांत असायची. सगळ्यांत पुढे कोण, याला आज जेवढं महत्त्व आहे तेवढं तेव्हा नव्हतं. गाडीच्या नंबरापुढचं अक्षर हा तोच गट : १३सी, ६५ई, २८सी. १९६० च्या दशकातल्या फोटोवरचा प्रश्न असेल तर अक्षरासकट नंबर लिहायचा.

२३ जुलै

आकडेमोड. एकाच बैठकीत चार प्रश्न पक्के झाले.

जुना ट्रॅक ६.१७२ किलोमीटर. ५०० मैलांच्या शर्यतीत १३० फेऱ्या. १३० × ६.१७२ = ८०२.४ किलोमीटर, म्हणजे ४९८.६ मैल. ‘५००’ ही शर्यत ५०० मैलांना जेमतेम दीड मैल कमी पडते. १९७३ मध्ये १००० किलोमीटर झाल्यावर १६३ फेऱ्या : १००६ किलोमीटर. १९८७ मध्ये कॉनरॉड स्ट्रेट या सरळ पट्ट्यावर ‘द चेस’ हे वळण घातलं, ट्रॅक ६.२१३ झाला, फेऱ्या १६१ झाल्या : १०००.३ किलोमीटर. म्हणजे नावाला जागणारं अंतर थेट १९८७ ला मिळालं.

यातून नियम निघाला : फेऱ्यांचा आकडा उत्तरात असेल तर प्रश्नात वर्ष हवंच. ‘बाथर्स्टला किती फेऱ्या असतात?’ हा प्रश्न बाद.

ट्रॅक ज्यावर आहे त्या माउंट पॅनोरमा डोंगराची माहिती एका कार्डावर आटोपली : सर्वांत खालच्या आणि वरच्या बिंदूत १७४ मीटरचा फरक, वळणं २३, गाड्या घड्याळाच्या उलट दिशेने. एरवी हा सार्वजनिक रस्ता आहे, वेगमर्यादा ताशी ६०. तिथल्या विराजुरी या आदिवासी लोकांचं या डोंगराचं नाव वाहलू. हे नाव उत्तरात ठेवलंय, प्रश्नात नाही.

२७ जुलै

नावांचा दिवस. मराठीत लिहिताना उच्चार पकडायचा, स्पेलिंग नाही. नाहीतर गेगनचा ‘जिओघेगन’ होतो आणि ऑस्ट्रेलियात वाढलेली मुलं हसतात.

इयन गेगन आणि पीट गेगन ही दोन माणसं नव्हेत. पीट हे इयनचंच टोपणनाव. भाऊ तो लिओ. कच्च्या यादीत ‘१९६४ साली इयन, १९६६ ते १९६९ पीट’ अशी अजिंक्यपदं दोघांत वाटलेली होती. पाचही एकाचीच. सगळीकडे ‘इयन (पीट) गेगन’.

दुसरा घोळ होल्डनचा, आणि तो मराठीतच खरा रंगतो. १९६६ ला मिनी कूपर एस चालवून रौनो आल्टोनेन आणि बॉब होल्डन जिंकले. बॉब होल्डन हा माणूस, होल्डन ही गाड्यांची कंपनी, दोघांचा संबंध नाही. कार्ड १७ : ‘१९६६ ला होल्डन जिंकला, पण होल्डन जिंकली नाही. कसं काय?’ जोडप्रश्न : ‘मग होल्डन पहिल्यांदा कधी जिंकली?’ १९६८, मोनॅरो जीटीएस ३२७, ब्रूस मॅकफी आणि बॅरी मलहॉलंड. क्रियापदाच्या लिंगावर चालणारा प्रश्न इंग्रजी संचात कधीच बसला नसता. हा ठेवायचाच.

१९६६ चं आणखी एक : पहिल्या नऊही जागा मिनी कूपर एसच्या. मागच्या बाजूला टीप टाकली की मिनीचं ए-सिरीज इंजिन आणि आपल्या अँबॅसडरचं १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या एकाच घराण्यातले धाकटा-थोरला. ज्यांच्या घरी अँबॅसडर होती त्यांना मिनी परकी वाटत नाही.

२ ऑगस्ट

‘कोण जिंकलं?’ या प्रकारचे २२ प्रश्न तपासले. सगळ्यात जास्त चुका इथे सापडल्या, आणि त्या एकाच कारणाने : झेंडा पडला तेव्हाचा निकाल आणि नोंदीतला निकाल एक नसतो.

१९६७. चेकर्ड झेंडा आधी मिळाला इयन आणि लिओ गेगन या भावांना. मग फेऱ्यांची मोजणी पुन्हा झाली आणि विजय हॅरी फर्थ-फ्रेड गिब्सन जोडीकडे गेला. दोन्ही गाड्या एक्सआर फाल्कन जीटी, दोन्ही फोर्डच्या संघाच्या, त्यामुळे फक्त गाडी विचारली तर उत्तर बदलत नाही. व्ही-८ इंजिनाचा बाथर्स्टमधला हा पहिला विजय, तो प्रश्न निर्धास्त ठेवता येतो.

१९८७. ती शर्यत जागतिक अजिंक्यपदाची फेरी होती. पहिल्या दोन जागा युरोपातून आलेल्या एगेनबर्गर संघाच्या फोर्ड सिएरांनी घेतल्या. त्यांच्या पुढच्या चाकांवरच्या कमानी नियमात बसत नव्हत्या म्हणून दोन्ही बाद. निकाल कायम व्हायला पुढचं वर्ष उजाडलं. तिसऱ्या क्रमांकावरचे पीटर ब्रॉक, डेव्हिड पार्सन्स आणि पीटर मॅकलाउड विजेते ठरले. ब्रॉकचा हा नववा आणि शेवटचा विजय. म्हणजे ‘ब्रॉक नऊ वेळा पहिला आला’ हे वाक्य चूक, ‘नऊ वेळा जिंकला’ हे बरोबर.

१९८३. ब्रॉक आणि लॅरी पर्किन्सच्या ०५ क्रमांकाच्या होल्डन कमोडोरचं इंजिन सुरुवातीलाच गेलं. दोघे संघाच्या दुसऱ्या, २५ क्रमांकाच्या गाडीत बसले. ती गाडी जॉन हार्वी आणि फिल ब्रॉक यांची. विजेते तिघे : ब्रॉक, पर्किन्स, हार्वी. फिलला गाडीत बसायची पाळीच आली नाही, म्हणून त्याचं नाव नाही. ‘त्या गाडीच्या दारावर नाव असूनही कोण विजेता नाही?’ असा प्रश्न केला. अवघड आहे, तीन गुणांचा.

१९६८ चा मलहॉलंड याच्या अगदी उलट. त्याने एकच फेरी मारली, बाकी सगळी शर्यत मॅकफीने काढली, तरी तो विजेता. १९७०, १९७१ ला मॉफॅट आणि १९७२ ला ब्रॉक खरोखर एकट्याने जिंकले. १००० किलोमीटर झाल्यापासून एकट्याचा विजय बंद.

सगळ्या २२ प्रश्नांत ‘अधिकृत नोंदीप्रमाणे’ हे शब्द घातले. वाचायला जड होतं, पण परीक्षकाचं डोकं वाचतं.

९ ऑगस्ट

आठवणींवर आधारलेले प्रश्न. ज्यांनी टीव्हीवर पाहिलंय ते छातीठोकपणे सांगतात आणि नेमके दोन वर्षांची सरमिसळ करतात. ठरावीक सरमिसळी अशा :

डिक जॉन्सन. १९८० ला आघाडीवर असताना ‘द कटिंग’च्या चढावर रस्त्यात मोठा दगड आला आणि बाजूला टो ट्रक उभा, त्यामुळे चुकवायला जागा नव्हती. एक्सडी फाल्कन संपली. लोकांनी पैसे पाठवले, फोर्डने तेवढीच भर घातली आणि १९८१ ला जॉन फ्रेंचच्या साथीने तो जिंकला. गाडी झाडांत घुसली ती मात्र १९८३ ची गोष्ट : फॉरेस्ट्स एल्बो या वळणावर, पहिल्या दहांच्या पात्रताफेरीत. त्या रात्री दुसऱ्याच एका फाल्कनची जुळवाजुळव करून सकाळी तो उभा राहिला. ‘दगड लागून झाडांत गेला’ ही आठवण दोन अपघात एकात शिवलेली आहे.

बिल ब्राउन. १९६९ ला पहिल्याच फेरीत स्कायलाइनजवळ त्याची फाल्कन उलटली आणि मागच्यांचा रस्ता अडला. १९७१ ला मॅकफिलामी या वळणावर कुंपणाच्या कठड्यावरून कोलांट्या खात गेली. चालक एकच, गाडी दोन्ही वेळा फाल्कन जीटीएचओ, दोन्ही वेळा वाचला. जुनी चित्रफीत दाखवून वर्ष विचारायचं तर जागा ओळखायला लावायची. स्कायलाइन म्हणजे डोंगरमाथ्यावरून खाली उतरायला लागतो ती कड, समोर नुसतं आकाश.

मॉफॅटचा खोका. १९७१ ला फेज थ्री (जीटीएचओची तिसरी आवृत्ती) फाल्कनच्या जाळीवर बिअरचा पुठ्ठ्याचा खोका येऊन चिकटला. रेडिएटरची हवा अडली की तापमान चढतं, हीच काळजी सगळ्यांना होती. गाडी तरीही पहिली आली. इथे ‘कोणत्या कंपनीची बिअर’ हा प्रश्न हमखास सुचतो. काढून टाकला. कंपनीच्या जाहिरातीला कार्ड द्यायचं नाही.

डग शिवास. १९७३, होल्डन तोराना एक्सयू-१, पिटच्या (गाड्या इंधन-दुरुस्तीसाठी थांबतात ती जागा) तोंडाशी पेट्रोल संपलं. संघाच्या माणसांना हात लावायची मुभा नव्हती, चालकाने एकट्याने ढकलायची. जोडीदार ब्रॉक. दोघे दुसरे आले. लोकांना वाटतं ढकलणारा ब्रॉक होता. त्यामुळे प्रश्न ‘गाडी कोणी ढकलली?’ एवढाच, आणि दोन गुण.

वेळेआधी थांबलेली शर्यत कोणती? ‘१९८१’ असं एकच उत्तर लिहिलेलं होतं : मॅकफिलामीला आपटलेल्या गाड्यांचा ढीग लागला, १२० फेऱ्यांवर थांबवली. पण १९९२ ही पावसाने थांबवली होती. जिम रिचर्ड्स आणि मार्क स्केफची निसान स्कायलाइन जीटी-आर आपटलेली असूनही मागच्या फेऱ्यांच्या हिशोबाने विजयी ठरली. प्रश्न अनेकवचनी केला, दोन्ही वर्षं सांगितली तर पूर्ण गुण.

१६ ऑगस्ट

नियमांवरचे प्रश्न. रुक्ष होतील अशी भीती होती, पण उलट झालं : ‘का’ विचारता येतं ते इथेच.

बॉब जेनने १९७१ आणि १९७२ चं अजिंक्यपद शेव्हरोले कमारोने जिंकलं. १९७१ ला ४२७ घनइंचाचं इंजिन, १९७२ ला नियमामुळे ३५०. मग बाथर्स्टच्या विजेत्यांत कमारो का नाही? अजिंक्यपद तेव्हा ‘इम्प्रूव्ह्ड प्रॉडक्शन’ नियमांवर चालायचं, भरपूर फेरफार चालत. बाथर्स्ट ‘सिरीज प्रॉडक्शन’वर, म्हणजे शोरूममधून निघते जवळजवळ तशीच गाडी. त्यामुळे कंपन्या शर्यतीसाठीच रस्त्यावरच्या गाड्या बनवायला लागल्या : फाल्कन जीटीएचओ, तोराना एक्सयू-१. जून १९७२ मध्ये ‘सन-हेरल्ड’मध्ये इव्हन ग्रीनने ताशी १६० मैलांच्या ‘सुपरकार’ रस्त्यावर येणार असं छापलं आणि राजकारण तापलं. फोर्डने फेज फोर गुंडाळली, होल्डनने व्ही-८ तोराना गुंडाळली. १९७३ पासून दोन्हीकडे एकच नियम, ग्रुप सी.

या ग्रुप सीवर लाल खूण. १९८२ पासून जगात ‘ग्रुप सी’ म्हणजे ल माँच्या स्पोर्ट्स कार. इंटरनेटवर शोधलं की त्याच आधी येतात. कार्डावर ‘ऑस्ट्रेलियन ग्रुप सी (१९७३-८४)’ असंच.

याच बैठकीत पक्के झाले, विशेष वाद नाही : ब्रॉक-रिचर्ड्स १९७९ ला ए९एक्स तोरानाने सहा फेऱ्यांनी जिंकले आणि फेरीचा विक्रम शेवटच्या फेरीत केला. त्याच वर्षी पीटर विल्यमसनच्या टोयोटा सेलिकात कॅमेरा होता आणि तो चालवता चालवता थेट बोलत होता. ऑस्ट्रेलियन ग्रां प्री आणि बाथर्स्ट दोन्ही जिंकणारा एकच, जॉन गॉस. ब्रॉकचा ०५ आला तो दारू पिऊन गाडी न चालवण्याच्या प्रचारातून, ०.०५ च्या मर्यादेवरून.

शिल्लक ५३ प्रश्न.

२७ ऑगस्ट

गणेश चतुर्थी. काम बंद.

६ सप्टेंबर

छपाई, पहिला प्रयत्न. कार्ड ९० × ५५ मिलिमीटर, ए-४ वर दोन रकाने पाच ओळी, म्हणजे १० कार्डं. ५० साठी पाच कागद, २५० जीएसएम. बाजूंना १५ आणि वर-खाली ११ मिलिमीटर उरतात, प्रिंटरला पुरेसे.

वाया गेले : तीन कागद. मागची बाजू ‘लांब कडेवर उलटा’ अशी छापायची असते आणि त्यासाठी उत्तरांचे रकाने अदलाबदल करून मांडावे लागतात : समोर १-२, मागे २-१. मांडणी बरोबर होती, पण प्रिंटर ‘आखूड कडेवर’ लावलेला. परिणाम : कार्ड ९ च्या मागे २ चं उत्तर, तेही डोक्यावर उभं. पुढच्या वेळी आधी साध्या कागदावर एक प्रत काढून उजेडासमोर धरून बघायची, मग जाड कागद घालायचा.

दुसरी गोष्ट : काही प्रश्न जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप होऊन आले होते. रूपांतरात ‘फेऱ्या’चं ‘फेर्या’ झालं. या विषयात तो शब्द नाही असं कार्ड विरळा, ६१ ठिकाणी दुरुस्ती. शोधा-बदला एकदम चालवू नये, ‘सूर्या’सारख्या शब्दांत रफारच बरोबर असतो आणि तोही बदलून जातो. एकेक बघून.

१३ सप्टेंबर

दुसरी छपाई. मागचा मजकूर ९ पॉइंटचा होता, ठळक. टोनर भरून १ आणि ९ एकसारखे दिसायला लागले, १९६१ की १९६९ ते कळेना. वर्षांवर चालणाऱ्या खेळात हे परवडत नाही. आकडे १२ पॉइंट, साधे. मजकूर मावत नव्हता म्हणून अँबॅसडरची टीप एका ओळीवर आणली, काढली नाही.

लॅमिनेशन नको असं ठरलं. कार्डं एकमेकांवरून घसरतात आणि वरच्या दिव्याने चमकतात.

२० सप्टेंबर

चाचणी : सहा जण, दोन गट, ३० कार्डं, ५० मिनिटं. एका कार्डाला सरासरी दीड मिनिटाच्या वर वेळ गेला, तो मुख्यतः उत्तर वाचून झाल्यावरच्या चर्चेत. सेफ्टी कारच्या एका खेपेला चार-पाच कार्डांपेक्षा जास्त धरू नयेत.

कोणालाच न आलेले : चार. सगळ्यांना आलेले : सात. यातले दोन बदलले. कार्ड १७ ला एक गट ‘छापायला चुकलंय’ म्हणून अडून बसला, मग पेटला. शब्द तसेच ठेवले.

एक त्रुटी : कार्ड ३१, ‘मॉफॅट किती वेळा जिंकला?’ उत्तर चार (१९७०, १९७१, १९७३, १९७७). बाथर्स्ट की अजिंक्यपद, हे प्रश्नात नव्हतं, आणि अजिंक्यपदंही त्याची चारच (१९७३, १९७६, १९७७, १९८३). आकडा जुळला म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. ‘बाथर्स्ट’ शब्द घातला.

२८ सप्टेंबर

पाचही कागद कापून झाले. स्टीलची पट्टी आणि कटर, एका वेळी एकच कागद. दोन एकत्र कापले की खालचा अर्धा मिलिमीटर सरकतो आणि गड्डी पिसताना कडेवरून कार्ड ओळखू येतं.

५३ पैकी उरलेले तीन प्रश्न कोऱ्या कार्डांवर हाताने लिहून बरोबर ठेवले, बरोबरी झाल्यास. त्यातला एक : १९७७ ला दोन एक्ससी फाल्कन शेजारी शेजारी रेषा ओलांडून गेल्या. डावी-उजवी नको, चारही चालक सांगा. मॉफॅट, जॅकी इक्स, कॉलिन बॉन्ड, अ‍ॅलन हॅमिल्टन. चौथं नाव बहुतेक राहतं.